ऑनलाइन मागवलेला सेल पंधरा दिवसांत बसला? चिपवाला रेडिओ दुरुस्त करण्याआधी एवढं तपासा

रात्रपाळीच्या लाइटवर उसाला पाणी धरणारा शेतकरी असो, गोठ्यात धारा काढणाऱ्या बाया असोत की दिंडीत चालणारे वारकरी, चिपवाला रेडिओ आजही सगळ्यांच्या सोबतीला असतो. मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आला, तरी हा छोटा डबा काही घरातून गेला नाही. मोबाइलची चार्जिंग जपावी लागते, शिवारात रेंज जाते, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एक बटण दाबलं की भजन लागलेलं हवं असतं.

हा डबा बंद पडला की मात्र पंचाईत होते. तालुक्याच्या दुकानात नेला तर बऱ्याचदा 'याचं सामान येत नाही, नवीन घ्या' असं उत्तर मिळतं. मग घरातलं पोरगं मोबाइलवर शोधाशोध करतं. स्वस्तात '९९०० एमएएच'चा सेल दिसतो, त्याच्याच खाली '१ टीबी'ची चिप दिसते. पार्सल येतं, सेल बसवला जातो, चार दिवस गाणी वाजतात. पंधरा दिवसांनी डबा अर्ध्या तासातच मान टाकतो. घरचे म्हणतात, रेडिओच गेला. पण पुष्कळदा रेडिओ ठणठणीत असतो, खोटा असतो तो मागवलेला पार्ट.

नुकसान शंभर-दोनशे रुपयांचंच असतं तर सोडून देता आलं असतं. पण तो सेल रात्री उशाशी चार्जिंगला लावलेला असतो. आणि त्या चिपमध्ये कुणाच्या आजीच्या ओव्या असतात, कुणाच्या वारलेल्या वडिलांनी म्हटलेला अभंग असतो. म्हणून पार्ट मागवण्याआधी आणि बसवण्याआधी काय तपासायचं, ते नीट समजून घेऊ. यातल्या बहुतेक तपासण्यांना किराणा दुकानातला काटा, शाळेतली पट्टी आणि थोडा वेळ एवढंच लागतं.

आधी बिघाड नेमका कुठे, ते पाहा

डबा बंद म्हणजे बॅटरी गेली, असं धरून चालू नका. पार्ट मागवण्याआधी घरच्या घरी एवढं करून पाहा.

चार्जरची पिन लावलेली असताना डबा वाजतो आणि पिन काढली की लगेच बंद होतो, तर बॅटरी गेलेली असण्याची शक्यता जास्त. पिन लावूनही चार्जिंगचा दिवा लागत नसेल, तर आधी दुसरी केबल आणि दुसरा चार्जर लावून बघा. पिन हलवली की दिवा लागतो-विझतो, तर चार्जिंगचं सॉकेट सैल झालंय किंवा त्यात धूळ-माती बसली आहे. डबा बंद करून लाकडी टूथपिकने हलक्या हाताने माती काढली तरी पुष्कळ वेळा काम होतं. सुई किंवा टाचणी घालू नका, आतल्या पट्ट्या एकमेकींना चिकटतात.

टाइप-सी सॉकेटच्या स्वस्त डब्यांत एक वेगळीच गंमत होते. मोबाइलच्या नव्या चार्जरला दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल येते. त्या केबलने डबा चार्जच होत नाही आणि लोक सॉकेट बदलायला निघतात. अशी केबल आधी समोरच्या वस्तूला करंट हवा आहे का, हे ओळखते आणि मगच वीज सोडते. ती ओळख देणारे दोन छोटे रेझिस्टर स्वस्त डब्यात बसवलेलेच नसतात. एका टोकाला जुना चपटा यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला टाइप-सी अशी केबल लावा, चार्जिंग सुरू होईल.

आवाज घोगरा येत असेल तर आधी डबा पूर्ण चार्ज करून ऐका. बॅटरी उतरली की आवाज फाटतो. पूर्ण चार्जिंगवरही फाटलेलाच आवाज येत असेल, तर स्पीकरचा कागद फाटलाय किंवा आत लोखंडाचा कीस गेलाय. एफएमवर नुसती खरखर येत असेल तर ओढायच्या अँटेनाच्या बुडाशी जोडलेली वायर तुटलेली असते. ती पुन्हा सोल्डर केली की झालं, नवीन अँटेना लागत नाही. मीडियम वेव्हवर आकाशवाणी नीट लागत नसेल तर त्याला मात्र ही ओढायची अँटेना कामाचीच नाही. मीडियम वेव्हची अँटेना म्हणजे आतल्या काळ्या फेराइट कांडीवर गुंडाळलेली तार. डबा आडवा-उभा फिरवून बघा, आणि मोबाइलचा चार्जर किंवा एलईडी बल्बपासून लांब ठेवा.

९९०० चा सेल असतो का?

बॅटरीच गेलीय हे नक्की झालं, तर डबा उघडून आत कोणती आहे ते बघा. साधारण दोन प्रकार आढळतात. एक गोल लांबट सेल, ज्याला दुकानदार 'अठरा-साडेसहाशे' म्हणतात. त्यावर १८६५० लिहिलेलं असतं. हा काही कंपनीचा नंबर नाही, सेलचं माप आहे. जाडी १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर, आणि शेवटचा शून्य म्हणजे आकार गोल. दुसरा प्रकार म्हणजे जुन्या नोकिया मोबाइलमध्ये यायची तसली चपटी बॅटरी, बीएल-५सी.

बॅटरीत किती वीज मावते ते 'एमएएच'मध्ये लिहितात. पाण्याच्या टाकीसारखं समजा. टाकी मोठी तर पाणी जास्त वेळ पुरतं. पण टाकीचं माप तेवढंच ठेवून कितीही पाणी भरता येईल का? नाही. १८६५० सेलचंही तसंच आहे. नामांकित कंपन्यांच्या या मापाच्या सेलमध्ये साधारण २००० ते ३५०० एमएएच एवढीच वीज मावते. मग ९९०० किंवा १२००० लिहिलेला सेल आला कुठून? तो आलेलाच नाही, फक्त कागद छापलेला आहे. आत कधी जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेला वापरलेला सेल असतो, कधी निकृष्ट माल. वर नवं चकचकीत प्लास्टिकचं आवरण चढवलं की झाला 'नवा' सेल.

म्हणजे उलटं गणित लक्षात ठेवा. १८६५० सेलवर जितका मोठा आकडा, तितका तो खोटा असण्याची शक्यता जास्त. ९९०० वाला आणि २००० वाला असे दोन सेल समोर असतील तर २००० वाला निदान खरं बोलत असू शकतो.

याचा फरक किती पडतो तेही बघा. डबा मध्यम आवाजात तासाला ३०० एमएएच वीज खातो असं धरलं, तर २००० चा खरा सेल साडेसहा तासांच्या आसपास चालेल. ९९०० छापलेल्या सेलमध्ये प्रत्यक्षात ६०० च असतील, तर दोन तासांत खेळ खलास.

काटा खोटं बोलत नाही

सेल खरा की खोटा, याची सगळ्यात सोपी तपासणी म्हणजे वजन. चांगल्या १८६५० सेलचं वजन साधारण ४५ ते ५० ग्रॅम भरतं. वीज साठवायचा मालमसाला आत पूर्ण भरलेला असतो, त्यामुळे तेवढं वजन येणारच. सेल ३०-३५ ग्रॅमच भरला, तर आत माल कमी आहे हे नक्की. गावातल्या किराणा दुकानात इलेक्ट्रॉनिक काटा असतोच. काही काटे पाच ग्रॅमच्या टप्प्याने वजन दाखवतात, तरीही ३० आणि ४५ मधला फरक कळतो. बारीक वजन हवं असेल तर सराफाच्या काट्यावर ठेवा.

वजन बरोबर भरलं म्हणून सेल चांगलाच, असं मात्र नाही. वापरून झिजलेल्या सेलचंही वजन तेवढंच भरतं. म्हणून दुसरी तपासणी वेळेची. नवा सेल बसवून पूर्ण चार्ज करा, डबा रोजच्या आवाजावर लावा आणि किती तास चालला ते कागदावर लिहा. हे माल परत करायची मुदत संपायच्या आत, पहिल्या दोन-तीन दिवसांत करायचं. महिनाभराने कळून उपयोग नाही.

मल्टिमीटर असेल तर तिसरी तपासणी व्होल्टची. साधा मल्टिमीटर काही महागाचा नाही, आणि मोटर-स्टार्टरची कामं करणाऱ्या वायरमनकडे तो असतोच. नव्या लिथियम सेलवर साधारण ३.५ ते ३.८ व्होल्ट दिसले पाहिजेत. पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२. पार्सल उघडल्यावर अडीच व्होल्टपेक्षा कमी दिसले तर तो सेल चार्जिंगला लावूच नका, परत पाठवा. इतका खाली गेलेला लिथियम सेल आतून खराब होतो आणि पुन्हा चार्ज करताना धोका वाढतो. पण व्होल्ट बरोबर दिसले म्हणजे सेलमध्ये वीजही भरपूर मावते, असं समजू नका. टाकी लहान असो की मोठी, भरली की पाणी काठोकाठच दिसतं.

चपटी बॅटरी आणि 'आर' नंबर

बीएल-५सी बॅटरीची अस्सल क्षमता १०२० एमएएचच्या आसपास. इथेही त्याच मापात २८००, ३२०० असे आकडे छापलेले दिसले की समजून जा.

ही बॅटरी साधी वाटते, पण २००७ मध्ये खुद्द नोकियालाच एका पुरवठादाराने बनवलेल्या या प्रकारच्या सुमारे ४ कोटी ६० लाख बॅटऱ्यांबाबत ग्राहकांना सावध करावं लागलं होतं. चार्जिंगच्या वेळी त्यातल्या काही तापत होत्या आणि कंपनीने त्या बदलून दिल्या. अस्सल मालात अशी चूक होऊ शकते, तर कुणी बनवली हेच माहीत नसलेल्या बॅटरीचं काय, याचा विचार करा. शिवाय अस्सल माल बदलून द्यायला कंपनी तरी होती. बिननावाच्या बॅटरीला मागेपुढे कुणीच नसतं.

आपल्याकडे अशा लिथियम सेल आणि बॅटऱ्यांना भारतीय मानक ब्युरोची, म्हणजे बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे. मानकाचा क्रमांक आयएस १६०४६. नोंदणी असलेल्या मालावर बीआयएसचं चिन्ह आणि इंग्रजी 'आर' अक्षरापुढे आकडे, असा नोंदणी क्रमांक असतो. मोबाइलवर 'बीआयएस केअर' हे सरकारी ॲप घ्या आणि तो क्रमांक त्यात टाका. कोणत्या कंपनीला, कोणत्या वस्तूसाठी नोंदणी दिली आहे ते दिसतं. नंबर कुणीही छापू शकतो, म्हणून नुसता नंबर पाहून थांबू नका. ॲपमध्ये बॅटरीऐवजी भलत्याच वस्तूचं नाव आलं, तर ती बॅटरी घरात ठेवू नका.

सेल बसवताना होणाऱ्या चुका

पहिली चूक उलट्या वायरची. तयार लाल-काळी वायर आणि पांढरं कनेक्टर लावलेली बॅटरी ऑनलाइन मिळते. कनेक्टर आपल्या डब्यात बरोबर बसतो, पण काही वेळा लाल वायर जिथे हवी तिथे काळी असते. कनेक्टर बसला म्हणजे जोडणी बरोबर, असं समजून चालू केलं की बोर्ड क्षणात जळतो. जुनी बॅटरी शेजारी ठेवून लाल वायर कोणत्या बाजूला होती ते जुळवा. जुनी काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवणं सगळ्यात उत्तम.

दुसरी चूक लांबीची. काही सेलच्या बुडाशी संरक्षणाची छोटी चकती लावलेली असते. असा सेल चांगलाच, पण तो ६५ ऐवजी ६८ ते ७० मिलिमीटर भरतो आणि जुन्या खाचेत बसत नाही. तो जोर लावून कोंबू नका, आवरण फाटून शॉर्ट होतो. खाचेची लांबी आधी पट्टीने मोजा.

तिसरी चूक सेलवर थेट सोल्डर मारण्याची. सोल्डरिंगची उष्णता आत गेली की सेलचे आतले पडदे खराब होतात. आधीच पट्टी वेल्ड केलेला सेल घ्या आणि पट्टीवर सोल्डर करा, किंवा सेल बसवायचा होल्डर लावा.

चौथी चूक जुन्या-नव्याची जोडी लावण्याची. डब्यात दोन सेल असतील तर दोन्ही एकदम बदला, तेही एकाच कंपनीचे, एकाच क्षमतेचे. एक दमलेला आणि एक ताजा बैल एका जुवाला जुंपल्यावर काय होतं, ते शेतकऱ्याला सांगायला नको.

पाचवी चूक चार्जरची. जुन्या डब्यांना गोल पिनचे चार्जर असतात. ५ व्होल्ट, ९ व्होल्ट आणि १२ व्होल्टच्या चार्जरची पिन दिसायला सारखीच असू शकते. डब्याच्या मागे जेवढे व्होल्ट लिहिलेत, तेवढ्याच व्होल्टचा चार्जर लावा. पिन बसली म्हणून चार्जर चालतो, असं नाही.

चिपमध्ये आवाज ठेवताय? मग हे वाचाच

मेमरी कार्डचा खोटेपणा बॅटरीपेक्षा कावेबाज आहे. खोट्या कार्डात जागा असते ४ किंवा ८ जीबीची, पण त्यातल्या कंट्रोलरला '१२८ जीबी सांग' असं शिकवलेलं असतं. मोबाइलमध्ये घातलं तर मोबाइलही १२८ जीबीच दाखवतो. पहिली काही गाणी नीट वाजतात. खरी जागा संपली की पुढची गाणी एकतर आत जातच नाहीत, किंवा आधीच्या गाण्यांवर लिहिली जातात. यादीत नावं सगळी दिसतात, पण लावायला गेलं की वाजत नाहीत. तोवर मूळ रेकॉर्डिंग मोबाइलमधून पुसून टाकलेलं असतं.

म्हणून नवीन कार्ड आल्यावर आधी ते पूर्ण भरून बघा. मोबाइलमधले व्हिडिओ पुन्हा पुन्हा कॉपी करून कार्ड काठोकाठ भरा, मग सुरुवातीच्या, मधल्या आणि शेवटच्या फाइल वाजवून पाहा. सगळ्या वाजल्या तर कार्डावर बराच भरवसा ठेवता येतो. गावातल्या सेवा केंद्रात किंवा कुणाकडे कॉम्प्युटर असेल तर 'एच-टू-टेस्ट-डब्ल्यू' नावाचा फुकट प्रोग्राम हेच काम आपोआप करतो. तो कार्ड पूर्ण लिहून, पुन्हा वाचून खरी जागा किती ते सांगतो.

दोन गोष्टींनी मात्र उगाच घाबरू नका. ३२ जीबीचं कार्ड मोबाइलमध्ये २९-३० जीबी दिसतं, ते बरोबर आहे. कंपनीची आणि मशीनची मोजायची पद्धत वेगळी असल्याने हा फरक पडतो. आणि ६४ जीबीचं कार्ड जुन्या डब्याने वाचलं नाही, तर कार्ड खोटं असेलच असं नाही. जुने डबे एफएटी-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली ३२ जीबीपर्यंतचीच कार्डं वाचतात. ६४ जीबीचं कार्ड येतानाच वेगळ्या पद्धतीने फॉरमॅट केलेलं असतं. भजनं, कीर्तनं, गाणी यांना ८ किंवा १६ जीबी भरपूर होतं. मोठ्या आकड्याच्या मोहात पडायचं कारणच नाही.

घरातल्या वडीलधाऱ्यांचा आवाज असेल तर तो कधीही एकाच चिपमध्ये ठेवू नका. एक प्रत मोबाइलमध्ये, एक पेन ड्राइव्हमध्ये आणि जमलं तर एक दुसऱ्या नातेवाइकाच्या मोबाइलमध्ये ठेवा. डबा दुरुस्तीला देताना चिप काढून घ्यायला विसरू नका.

स्पीकर आणि सॉकेट मागवताना

स्पीकर मागवताना मागच्या चुंबकावर लिहिलेले ओहम आणि वॅट बघा. ४ ओहम ३ वॅट हे छोट्या डब्यांत नेहमी दिसणारं माप. ४ च्या जागी ८ ओहमचा लावला तर आवाज कमी येतो. २ चा लावला तर आतल्या ॲम्प्लिफायरवर ताण येऊन तो तापतो. वॅटचे आकडेही बॅटरीसारखेच फुगवून छापतात, त्यामुळे व्यास, खोली आणि स्क्रूच्या भोकांमधलं अंतर पट्टीने मोजून मगच ऑर्डर करा.

चार्जिंग सॉकेट 'मायक्रो यूएसबी' एवढ्या नावावर मागवू नका. पाय किती, ते बोर्डातून आरपार जाणारे की वर चिकटणारे, असे कितीतरी प्रकार आहेत. जुनं सॉकेट काढून त्याचा जवळून फोटो घ्या आणि जाहिरातीतल्या फोटोशी जुळवा. त्याहून बरं म्हणजे जो दुरुस्त करणार आहे त्यालाच आधी फोटो दाखवा. आपण आणलेला पार्ट दुकानदार बसवून देतो, पण त्याची गॅरंटी घेत नाही, आणि ते रास्तच आहे. कित्येकदा त्याच्याकडे जुन्या डब्यांतून काढलेलं अस्सल सॉकेट पडलेलं असतं. ते पार्सलमधल्या नव्यापेक्षा जास्त टिकतं.

ऑर्डर देताना आणि पार्सल घेताना

- विकणाऱ्याचं नाव आणि पत्ता, वस्तू कोणत्या देशात बनली आणि माल परत घ्यायची मुदत, हे आधी वाचा. ही माहिती दाखवणं ऑनलाइन कंपन्यांना बंधनकारक आहे.
- पाच तारे बघून भुलू नका. एक तारा दिलेल्या लोकांनी काय लिहिलंय आणि कोणते फोटो टाकलेत, ते आधी वाचा.
- जाहिरातीतला आकडा, फोटो आणि किंमत यांचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. तक्रार केल्यावर जाहिरात बदललेली असू शकते.
- पार्सल फोडताना सलग व्हिडिओ काढा. सुरुवातीला पत्त्याचं लेबल दिसू द्या, मधे व्हिडिओ थांबवू नका. वजन करतानाचा काटाही त्याच व्हिडिओत घ्या.
- बिल जपून ठेवा. बिल नाही तर पुढची लढाई अवघड.

फसवणूक झाली तर दाद कुठे मागायची?

पहिली तक्रार ज्या ॲपवरून माल घेतला तिथेच करा आणि तक्रारीचा नंबर लिहून ठेवा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली २०२० मध्ये ऑनलाइन खरेदीचे नियम आले. त्यानुसार प्रत्येक कंपनीने तक्रार निवारण अधिकारी नेमायचा, तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यायची आणि महिनाभरात तक्रार निकाली काढायची.

तिथे दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. त्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. माल विकणारा दिल्लीचा असो की सुरतचा, तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या अर्ज भरता येतो, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते.

एक सावधगिरी मात्र ठेवा. कंपनीचा कस्टमर केअर नंबर इंटरनेटवर शोधू नका. तिथे भामट्यांनी टाकलेले नंबर असतात. 'पैसे परत देतो, ही लिंक दाबा, ओटीपी सांगा' म्हणून खातं साफ करतात. नंबर ॲपच्या आतूनच घ्या. असं काही घडलंच तर वेळ न घालवता सायबर हेल्पलाइन १९३० वर कळवा.

फुगलेली बॅटरी घरात नको

बॅटरी फुगली, गोडसर उग्र वास आला किंवा चार्जिंगला लावल्यावर हात लावता येणार नाही इतकी तापली, तर ती त्याच क्षणी बाद समजा. टाचणीने टोचून हवा काढण्याचा उद्योग कधीच करू नका. पोरांच्या हाती देऊ नका. चुलीत, उकिरड्यात किंवा कचरा जाळतात तिथे टाकू नका. टोकांना चिकटपट्टी लावा, कोरड्या वाळूच्या डब्यात घराबाहेर ठेवा आणि जुन्या बॅटऱ्या गोळा करणाऱ्या दुकानात किंवा केंद्रावर द्या. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ नुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करायची जबाबदारी त्या बनवणाऱ्यांवर आहे.

नवा सेल बसवल्यावर पहिल्या दोन-तीन वेळा चार्जिंग दिवसा, डोळ्यासमोर आणि फरशीवर ठेवून करा. गादीवर, उशाशी, कडब्याजवळ किंवा धान्याच्या पोत्यावर नको. बॅटरीने पेट घेतलाच तर आधी माणसं बाहेर काढा, मेन स्विच बंद करा आणि मग लांबून भरपूर पाणी मारा. पेटलेला डबा हातात उचलू नका आणि त्याचा धूर छातीत घेऊ नका, तो विषारी असतो.

मग दुरुस्ती करायची की नवीन घ्यायचा?

बोर्डच जळाला असेल तर स्वस्त डब्यावर खर्च करण्यात अर्थ नाही. पण बॅटरी, सॉकेट, स्पीकर किंवा अँटेनाची वायर एवढाच बिघाड असेल, तर नव्या डब्याच्या काही हिश्शात काम होतं आणि जुना डबा आणखी काही वर्षं वाजतो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' नावाचं पोर्टलही सुरू केलं आहे. त्यात सहभागी कंपन्यांच्या वस्तूंची दुरुस्ती, सुटे भाग आणि सर्व्हिस सेंटरची माहिती मिळते. डबा नामांकित कंपनीचा असेल तर आधी तिथे बघा आणि बॅटरी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधूनच घ्या. चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

बाजारात बैल घेताना आपण दात मोजतो, बियाणं घेताना पिशवीवरचा लॉट नंबर बघतो. मोबाइलवरून सेल मागवतानाही तीच सवय ठेवा. छापलेल्या आकड्यावर जाऊ नका, सेल काट्यावर ठेवा आणि मगच डब्यात बसवा.